साडेपाचनंतरची शेड

"कापलं गं," अप्पा काचेतून बाहेर बघत म्हणाले. मी अजून हँडब्रेकही ओढला नव्हता.

खरंच कापलं होतं. सगळं नाही, अर्धं. रस्त्यालगतचा निम्मा तुकडा सपाट झाला होता आणि त्यावर कापलेल्या सोयाबीनचे ढीग पडले होते. पलीकडे नाल्याच्या कडेला, जिथे जमिनीत ओल टिकून राहते, तिथे पानांसकट एक पिवळा पट्टा तेवढा उभा होता. पट्ट्यामागे कांस गवताचे पांढरे तुरे, उजवीकडे मोहाचं एकटं झाड. घड्याळात 5 वाजून 10 मिनिटं. ज्या शेतासाठी मी तीन वर्षं इथे चकरा मारतेय, ते अर्धं ट्रॉलीत चढून बसलं होतं.

जागा कुठली ते सांगते. इंदूरहून राऊ, मग महू, आणि महूहून मंडलेश्वरकडे जाणारा रस्ता. हा रस्ता पुढे जाम दरवाज्यापाशी माळव्याच्या पठाराचा काठ गाठतो आणि तिथून वळणं घेत निमाडात उतरतो. दरवाजा अहिल्याबाईंनी 1791 साली बांधलेला. वर उभं राहिलं की निमाडाचं अख्खं मैदान पायाखाली पसरलेलं दिसतं, आणि म्हणूनच रविवारी तिथे निम्मं इंदूर असतं. भुट्टे, मॅगी, ड्रोन, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी, आणि नवरीच्या लाल गाउनचा लांबलचक घोळ हवेत भिरकावून फ्रेमबाहेर पळणारा एक घामाघूम पोरगा. मी तिथवर जात नाही. त्याच्या बऱ्याच अलीकडे एक लहान पुलिया आहे. शुद्ध मराठीत मोरी म्हणायला हवं, पण इंदुरात वाढलेल्या माणसाच्या तोंडून पुलियाच निघतं. पुलियाच्या पुढे गाडी उभी करण्यापुरती जागा आहे, उजवीकडे ते शेत आहे, आणि शेताच्या मागे पश्चिमेला एक बुटकी टेकडी आहे. त्या टेकडीबद्दल पुढे बोलायचंय.

माझं म्हणाल तर मी एका बांधकाम ठेकेदाराकडे एस्टिमेटर आहे. वीट, वाळू, सळई, मजुरी यांचे आकडे मांडून पोट भरते. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की आपल्या इंदूरच्या फोटोग्राफीचे आद्यपुरुष लाला दीनदयाळ माझ्याच धंद्यातले. 1866 साली ते इथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले, एस्टिमेटं आणि नकाशे करायचे. 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला, आणि पुढे निजामाने त्यांना 'राजा' केलं. साम्य एस्टिमेटपाशीच संपतं, हे मला ठाऊक आहे. तरी ऑफिसात कोणी "मॅडम, हे फोटोबिटोचं काय वेड" म्हणालं की मी हे नाव पुढे करते.

तर हे वेड शरदाचं. 'ऑटम'मधले फोटो म्हणून शोधलं की मेपलची लालभडक पानं समोर येतात आणि त्यावरून चालणारी, स्कार्फ गुंडाळलेली माणसं. आमच्याकडे आश्विनात झाडाचं पान हलत नाही, गळणं तर लांबच. माळव्यात पानगळ होते ती माघ-फाल्गुनात. आश्विनात झाडं चार महिन्यांचं पाणी पिऊन गच्च हिरवी असतात, हवा धुतलेली असते, आणि जे पिवळं पडतं ते झाड नव्हे, पीक. सोयाबीन पिकायला आलं की पानं पिवळी होतात आणि आठ-दहा दिवसांत गळूनही जातात. मागे उरतात फक्त काड्या आणि तपकिरी शेंगा. त्या आठ-दहा दिवसांत पावसाने पाठ फिरवलेली हवी, मळणीची धूळ उठायची हवी, आणि माझी रविवारची सुट्टी यायला हवी. या तीन गोष्टी एका रेषेत येणं म्हणजे ग्रहणापेक्षा दुर्मीळ.

अप्पांचं म्हणणं, हा पिवळा रंग माळव्याचा नव्हेच. त्यांच्या लहानपणी या दिवसांत ज्वारी दिसायची, कापूस दिसायचा, आणि पुष्कळ काळी रानं पावसाळाभर तशीच रिकामी ठेवलेली, पुढच्या गव्हा-हरभऱ्यासाठी. सोयाबीन पसरलं ते 1970 नंतर. मग इतकं पसरलं की त्याची राष्ट्रीय संशोधन संस्थाच 1987 मध्ये इंदुरात, खंडवा रोडवर आली. म्हणजे मी ज्याला माळव्याचा शरद समजून कवटाळून बसलेय, तो वयाने माझ्याएवढाच आहे. असू दे. मीही इथलीच आहे ना?

या पिवळ्याने मला पहिल्याच वर्षी तोंडावर पाडलं होतं. ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता, ढगांतून मध्येच ऊन पडलेलं, आणि हिरव्यागार शेतात मधोमध झगझगीत पिवळे ठिपके. मला वाटलं, शरद लवकर आला. गाडी थांबवली, भराभर फोटो काढले, रात्री 'सोनेरी माळवा' अशी ओळ लिहून टाकले. लोकांनी भरपूर वाहवा केली. महिन्याभराने परत गेले तेव्हा शेताचे मालक बांधावर भेटले. त्यांना गावात सगळे पटेल म्हणतात. आडनाव ते नाही, मान तो आहे. मी मोठ्या कौतुकाने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी टेकडी पाहिली नाही, आभाळ पाहिलं नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला, एका पानापर्यंत नेला आणि म्हणाले, "ये तो बीमारी है, मैडम."

पिवळा मोझॅक. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पान पिवळं पडतं, शेंगा धड भरत नाहीत. दोन फवारण्या करून झाल्या होत्या, तरी त्या भागातून धड काही हाती लागलं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, याचंच मला जास्त लागलं. उलट त्यांनी मला दोन्ही पिवळ्यांतला फरक समजावून दिला. पिकलेलं पिवळं सगळ्या शेतावर सारखं उतरतं आणि पान गळतं. रोगाचं पिवळं ठिपक्याठिपक्यांनी येतं, पानावर हिरवं-पिवळं चिकटवल्यासारखं दिसतं, आणि झाड तसंच उभं राहतं. तो फोटो मी त्याच रात्री काढून टाकला. तेव्हापासून कॅमेरा काढण्याआधी पटेलांना विचारते, "कशी आहे यंदा?" यंदा चांगली होती.

दुसऱ्या वर्षी काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. पाऊस. दसऱ्यापर्यंत पाऊस.

आता अप्पा. अप्पा माझे सासरे, वय 81. इंदूरच्या एका कापड गिरणीत, गिरण्या चालू होत्या तोवर, रंगखात्यात होते. त्यांचं काम शेड, म्हणजे रंगाची छटा, जुळवण्याचं. ग्राहकाने दिलेला नमुन्याचा तुकडा आणि आज रंगवून आलेला तुकडा शेजारी शेजारी धरायचा आणि सांगायचं: पास, किंवा लाल जास्त, किंवा निळं मारतंय. यासाठी खात्यात उत्तरेकडे तोंड केलेली एक मोठी खिडकी होती. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, नुसतं आभाळ येतं, आणि आभाळाचा उजेड दिवसभर फारसा रंग बदलत नाही. खात्याचा नियम कडक होता: उन्हाळ्यात साडेपाचनंतर आणि दिवाळी झाली की साडेचारनंतर कुठलीही शेड पास करायची नाही. एकदा एका नव्या माणसाने घाईत संध्याकाळी हलक्या पिवळ्याचा लॉट पास केला. सकाळी खिडकीपाशी ठाणं उलगडली तर सगळा माल हिरवट. अप्पा हे अजून असं सांगतात, जणू घरात चोरी झाली.

"संध्याकाळच्या उन्हात निळं उरतच नाही," त्यांनी मला पहिल्या चकरेतच ऐकवलं होतं. "सूर्य खाली आला की ऊन हवेच्या जाड थरातून तिरपं येतं, निळं वाटेतच विखरून जातं. मग पांढरं आणि फिकं पिवळं एकच दिसतं. तो खोटा उजेड. त्यात माणसाचा चेहरा बघावा, कापड नाही."

म्हणजे बघा. जो उजेड मिळावा म्हणून मी 30-40 किलोमीटर गाडी हाकते, तो या माणसाने नोकरीभर दारात उभा केला नाही. आणि तरी ते दर वेळी सोबत येतात. महूला चहा मिळतो हे एक कारण असावं.

आता ती टेकडी, आणि माझा आवडता विषय, हिशेब.

फोटोवाल्यांत 'गोल्डन अवर' हा शब्द फार चालतो. सूर्यास्ताआधीचा सोनेरी तास. मी पहिली दोन वर्षं खरंच तासाभराच्या हिशेबाने बसायचे आणि दर वेळी मला वाटायचं, कोणीतरी घड्याळ पुढे सरकवलंय. तसंच एक दुसरं गणित: हात ताणून बोटं आडवी धरा, क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये जितकी बोटं मावतील, त्या प्रत्येक बोटाला 15 मिनिटं. हेही मला कायम चुकायचं. शेवटी एका रविवारी कागद घेऊन बसले. ही सगळी गणितं उत्तरेकडच्या देशांतून आलेली आहेत. तिथे सूर्य तिरपा, लोळत लोळत मावळतो. इंदूर साधारण 22.7 अक्षांशावर, कर्कवृत्त उज्जैनच्या जरासंच वर. आमचा सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. ऑक्टोबरच्या मध्यात तो तासाला साडेतेरा अंशांच्या आसपास खाली येतो, लंडनमध्ये नऊ. सूर्य क्षितिजाच्या 6 अंश वर आला की खरं सोनेरी ऊन सुरू होतं असं धरलं, तर लंडनच्या माणसाला 40 मिनिटं मिळतात आणि मला 27. एका बोटाला आमच्याकडे 15 नव्हे, नऊच मिनिटं. गोल्डन अवर म्हणे! गोल्डन अर्धा तास, तोही पुरता नाही.

आणि त्यातून टेकडी. पुलियावरून हात ताणून मोजली तर टेकडी दोन बोटं उंच भरते. दोन बोटं म्हणजे 18 मिनिटं. 12 ऑक्टोबरचा सूर्यास्त 6 वाजून 4 मिनिटांचा, सोनेरी ऊन 5.37 ला सुरू. त्यातून 18 मिनिटं टेकडीने खाल्ली की या शेतावरचं ऊन 5.46 ला संपतं. पंचांगातला सूर्यास्त वेगळा, या रस्त्याचा वेगळा. हातात राहतात नऊ मिनिटं. एस्टिमेट म्हणाल तर हेच. यात वेस्टेज धरलेलं नाही.

तर त्या रविवारी, कोजागिरीनंतरच्या, 5.10 ला आम्ही अर्ध्या शेतापुढे उभे. पटेल ट्रॉलीवरून ओरडले, "लेट कर दिया, मैडम. कल आतीं." काल मी ऑफिसात एका तीन मजली इमारतीच्या सळईचं वजन काढत होते, हे त्यांना काय सांगणार? मी ट्रायपॉड घेऊन रस्त्याकडेच्या चरात उतरले. चरात पाणी नव्हतं, चिखल होता. माळव्याची काळी माती, पाऊल टाकलं की चपलेसकट पाय धरून ठेवते. एक चप्पल तिथेच सोडून ट्रायपॉड लावला.

खालून बघितलं तर चित्र बिघडलेलं नव्हतं, बदललं होतं. पुढे कापलेल्या रानाचा तपकिरी-काळा पट्टा आणि त्यात एका रांगेत दूर गेलेले ढीग, त्यांच्या मागे पिवळ्याची एक निमुळती रेघ, तिच्यावर कांस, मग टेकडी. शेत सगळं उभं असतं तर नुसती पिवळी सतरंजी दिसली असती. ढिगांमुळे नजरेला चालायला वाट मिळाली. हे मी तेव्हा विचार करून ठरवलं असं नाही. चिखलात एक पाय अडकल्यामुळे कॅमेरा जिथे लागला तिथे लागला.

कॅमेरा जुना निकॉन, डी5600, सेकंडहँड घेतलेला. कांसाचे तुरे चमकवायचे तर सूर्याकडे तोंड करावं लागतं. ऊन मागून आलं की तुऱ्यातला एकेक केस पेटतो. पाठीशी ऊन घेऊन काढलात तर तोच तुरा मळक्या कापसासारखा दिसतो. पण सूर्याकडे तोंड केलं की ऊन लेन्समध्ये शिरतं आणि सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो. लेन्सचं हूड यासाठी पुरत नाही. त्यावर आमचा उपाय अप्पा. त्यांनी 'नईदुनिया'ची चौघडी घडी लेन्सच्या वर, चित्राच्या कडेला येणार नाही अशी धरायची. हे काम ते अशा गांभीर्याने करतात की मध्येच मी "जरा वर" म्हटलं तर रागावतात.

5.38. ऊन आलं. मी पहिला फोटो काढला, मागच्या पडद्यावर बघितलं आणि पोटात गोळा आला. फोटो निळा. सोनं नाही, पिवळं नाही, सावल्या शाईसारख्या. दुसरा काढला, निळा. काच पुसली, फिल्टर काढला, परत निळा. सातव्या की आठव्या फोटोनंतर ट्यूब पेटली; खरं तर बल्ब पेटला म्हणायला हवं. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर आटवलेल्या दुधाच्या पातेल्याचे फोटो काढताना मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग सुधारायची कॅमेऱ्याची सोय, बल्बच्या खुणेवर नेला होता, म्हणजे पिवळ्या बल्बचा पिवळेपणा कॅमेऱ्याने आपणच कापून टाकावा. तो तसाच राहिला होता. आणि आता कॅमेरा इमानेइतबारे संध्याकाळच्या उन्हाचं सोनं कापून टाकत होता.

"बघू," अप्पा पेपर खाली करून म्हणाले. पडद्यावर वाकले. बराच वेळ बघितलं. "हा बरा आहे की. कांस पांढरी दिसतेय. सावल्यांत निळ पडलीय तेवढी."

"अप्पा, पेपर वर धरा."

फोटो रॉमध्ये, म्हणजे कच्च्या स्वरूपात, काढते, त्यामुळे रंग नंतर घरी हवा तसा फिरवता येतो, काही बिघडलं नव्हतं. पण अशा वेळी पडद्यावर दिसतं त्यावर हात चालतो. खूण उन्हाच्या चिन्हावर आणली. ऑटोवर मी कधीच ठेवत नाही. ऑटोला सोनेरी ऊन म्हणजे सुधारायची चूक वाटते. उजेड पाऊण स्टॉप कमी केला, कारण पिवळा रंग पटकन जळतो आणि जळला की त्यात पान उरत नाही, नुसता डाग उरतो.

एवढ्यात पटेलांच्या माणसांनी शेताच्या टोकाला थ्रेशर सुरू केला. भुसा उडाला, आणि मी कपाळावर हात मारणार तोच ती धूळ हळूहळू पिवळ्या रेघेवरून सरकत मोहाच्या झाडाखाली आली आणि तिच्यातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली उतरलं. झाडाची सावली हवेत उभी राहिलेली दिसली. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होते म्हणे. अप्पा सांगतात, रामरक्षा होती. मला आठवत नाही. एफ-8, 1/60, आणि शटर. शटर. शटर. एकूण 61 फोटो. मग टेकडीने सूर्य गिळला. घड्याळात 5.47. माझं एस्टिमेट एका मिनिटाने चुकलं, आणि आमच्या धंद्यात याला बरोबर म्हणतात.

मी ट्रायपॉड मिटायला घेतला. चप्पल शोधायची होती.

"थांब," अप्पा म्हणाले. "आता काढ."

"आता काय उरलंय अप्पा? ऊन गेलं."

"म्हणूनच सांगतोय."

म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. टेकडीची सावली सगळ्या शेतावर पसरली होती. कुठेच झगझग नाही, कुठेच काळोख नाही. वरचं आभाळ अजून उजळ होतं आणि तेवढंच शेतावर उतरत होतं. कांस पुन्हा पांढरी झाली होती. पिवळ्या रेघेत पिवळं एकच नव्हतं: नाल्याकडे पोपटी, मध्ये हळद, आणि अलीकडे जिथे पानं गळली होती तिथे पेंढ्याचा रंग. त्या पेंढ्याच्या रंगात शेंगा दिसत होत्या. पाच मिनिटांपूर्वी तिथे मला फक्त सोनं दिसलं होतं. आता काडीला लगडलेल्या शेंगा मोजता आल्या असत्या, बारीक लव असलेल्या, दाण्यांनी फुगलेल्या. अख्ख्या माळरानाला कोणीतरी उत्तरेची खिडकी उघडून दिली होती.

मी तीन फोटो काढले. फक्त तीन. तेही अप्पांसाठी.

दिवाळीच्या आधी दोन प्रिंट करून आणल्या, 8 बाय 12 इंची. एक धुळीतल्या उन्हाची, एक सावलीची. अप्पांनी त्या दुकानाच्या पाकिटातून काढल्यासुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला चष्मा पुसून मागच्या गॅलरीत गेले. रामबागेतल्या आमच्या घराची मागची गॅलरी उत्तरेला आहे, हे लग्नानंतर इतक्या वर्षांत मला त्या दिवशी कळलं. दोन्ही प्रिंट कठड्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलीवर बोट ठेवून म्हणाले, "लाल जास्त." दुसरीवर जरा थांबले. "पास. पण हिरव्यात किंचित निळं मारतंय. लॅबवाल्याला सांग."

सांगितलं नाही. लॅबवाला मला वेड्यात काढेल. आणि खरं सांगायचं तर मला अजून पहिलीच आवडते. तीच माझ्या मोबाइलवर आहे, तीच ऑफिसच्या संगणकावर आहे. त्या नऊ मिनिटांत शेत जसं नव्हतं तसं दिसलं, हे मला मान्य आहे. पण दिसलं मला, आणि मी तिथे उभी होते, एका चपलेवर.

दिवाळीनंतरच्या रविवारी दोन्ही प्रिंट घेऊन पटेलांकडे गेलो. शेतात हरभऱ्याची पेरणी झालेली, कांसाचा कापूस उडून गेलेला, पुलियाखालचा नाला आटत आलेला. पटेलांनी हात धोतराला पुसले आणि आधी सोनेरी फोटो घेतला. बराच वेळ निरखला. "ये कब का है? बीमारी वाले साल का?"

मी म्हटलं, नाही हो, यंदाचाच, त्या दिवशीचाच. त्यांना ते पटलं नाही. मग सावलीतला फोटो घेतला, आणि दोन बोटं सवयीने कागदावर ठेवून फाकवली. कागद थोडाच मोठा होतो? स्वतःच हसले. डोळ्यांजवळ नेला. "फली अच्छी भरी थी इधर," ते म्हणाले. बायकोला हाक मारून दाखवला. मुलाला दाखवला. मग तो ट्रॅक्टरच्या कागदपत्रांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्याच्या कागदामागे सरळ करून ठेवला. सोनेरी फोटो त्यांनी मला परत दिला, अगदी आदराने, दोन्ही हातांनी.

अप्पा काही बोलले नाहीत. महूच्या चहापर्यंतही नाही. त्यांना एवढं गप्प राहताना मी फारसं पाहिलेलं नाही, आणि त्यात जो काही आनंद भरलेला होता तो मला गाडी चालवताना डाव्या कानाला ऐकू येत होता.

राऊ ओलांडल्यावर म्हणाले, "गराडू सुरू झाले असतील."

थंडीची चाहूल लागली की सराफ्यात गराडूच्या, म्हणजे तळून खायच्या एका कंदाच्या, कढया चढतात, त्यामुळे घरी न जाता राजवाड्यामागे गाडी लावली आणि सराफ्यात शिरलो. दागिन्यांची दुकानं मिटत होती, खाण्याची उघडत होती. गराडूवाल्याच्या डोक्यावर पांढरा एलईडी लोंबत होता. त्याने तळलेल्या फोडी दुसऱ्यांदा तेलात सोडल्या, काढल्या, मसाला भुरभुरवला, लिंबू पिळलं आणि दोना अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी एक फोड काडीने उचलली, दिव्याखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"या उजेडात काय कळतंय," ते म्हणाले, "तळलाय की नुसता पिवळा केलाय."

आणि तोंडात टाकली.